रंग तेवढा आपला

(दृश्य: सहकारनगरमधल्या जुन्या बंगल्याचं गॅरेज. शटर अर्धं वर. आत काचा, बंपर, बीडिंग सगळं उतरवलेली फियाट.)

या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं आहे आणि ते तसंच राहणार आहे. छत कापून खाली आणायचं नाही, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकायचं नाही, रुंद चाकं बाहेर काढायची नाहीत. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. पुण्यात तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. तिला हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली, ज्वाळा रंगवलेली जुनी गाडी, करायचं ठरलंय, आणि त्यासाठी हातात आहे फक्त रंग.

हॉट रॉड हा मूळचा कॅलिफोर्नियातल्या पोरांचा उद्योग. फोर्डने १९३२ साली साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं, ६५ अश्वशक्तीचं. त्या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळायला लागल्या तशी पोरांनी त्यांची मडगार्ड काढली, वजन उतरवलं आणि वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांवर त्या पळवायला सुरुवात केली. तिथे वेग आधी आला. बॉनेटवर रंगवलेल्या ज्वाळा मागाहून आल्या.

आपल्याकडे वेगाची वाट बंदच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. रंग मात्र बदलता येतो, फक्त आरसी बुकात त्याची नोंद करून घ्यावी लागते. संगम पुलाजवळच्या आरटीओत न्यायचा अर्ज इथे आधीच भरून ठेवलाय.

"काका, नवीन रंग काय लिहू?"

"मरून लिही."

"आणि ज्वाळा?"

"अगं, ज्वाळांना रकाना कुठे आहे त्यात!"

काका पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झाले. गाडी त्यांच्या वडिलांची. ज्वाळांचं खूळ पुतणीचं, पण हट्टाने सगळं घरीच करायचं, ही कल्पना काकांची.

(दृश्य: पुढच्या मडगार्डवर घासकाम. जवळून.)

जुना क्रीम रंग खरवडताना पहिली बातमी कळते ती गंजाची. बॅटरीखालचा पत्रा, पायाखालची फ्लोर, दारांच्या खालच्या कडा. पाणी जिथे साचतं तिथे पत्रा कुजतो. स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो आत गेला, की तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून भागत नाही. पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. हे एक काम मात्र बाहेरच्या टिंकरने, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याने, येऊन केलं.

लांबीबद्दल या गॅरेजचा एक कायदा आहे: तिला पाणी लावायचं नाही. आपल्याकडे सगळीकडे वॉटर पेपर आणि बादली घेऊनच घासतात. पण पॉलिस्टर लांबी पाणी पिते. आत राहिलेलं पाणी वरून रंगाने झाकलं जातं, आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड येऊन बाहेर पडतं. म्हणून लांबी कोरडीच घासायची, आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०. धूळ उडते, चष्मा पांढरा होतो, होऊ दे. पाण्याची बादली येते ती वर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, बसल्यानंतरच.

आता हे नीट बघा. मडगार्डवर राखाडी सरफेसर मारून झालाय. त्यावर पुतणी काळ्या रंगाचा अगदी पातळ, विरळ फवारा मारते, नुसती ठिपक्यांची साय बसेल एवढा. तो वाळला की लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पेपर गुंडाळून तिरप्या हाताने घासायला लागते, एकदा या कोनातून, एकदा त्या. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो. खोलगट जागेतला जात नाही. हेडलाइटच्या वर, तळहाताएवढ्या भागात, एक काळा डाग शिल्लक राहतो. बोटाला तिथे काही लागत नाही आणि डोळ्याला तर नाहीच. पण गडद, चकचकीत रंग बसला असता तर त्या जागी समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब वाकडं दिसलं असतं. पुन्हा लांबी, पुन्हा सरफेसर, पुन्हा काळा फवारा. नुसत्या हाताने घासायची मुभा इथे नाही, कारण बोटं खड्ड्यात उतरतात आणि खड्डा आणखी खोल करतात. ठोकळा खड्ड्यात उतरत नाही.

या कामात आठवड्यांमागून आठवडे जातात. चित्रीकरणाच्या दृष्टीने हा भाग कंटाळवाणा आहे, हे आम्हाला मान्य.

(दृश्य: फळीवर रंगाचे डबे.)

आता रंग कोणता, हा खरा वाद. आजच्या गाड्यांवर दिसतो तो दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, म्हणजे रंग आणि हार्डनर. तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, फवारणीच्या गनमधून उतरतानाच चमकतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. श्वासावाटे ते आत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. त्याच्या फवाऱ्यासमोर रुमाल निरुपयोगी, साधा एन-९५ मास्कही निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारं बूथ लागतं. बंगल्याच्या गॅरेजमध्ये, वर लोक राहत असताना, पीयू मारू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांना तोच हवा त्यांनी घासकाम घरी करावं आणि रंगाला गाडी बूथमध्ये न्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

काकांनी निवडला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२० च्या दशकात ड्युपॉन्टने तो ड्युको या नावाने जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आणला. त्याआधी ब्रशने रंगवलेली गाडी वाळायला आठवडे लागत. हा तासांत वाळायचा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या हॉट रॉडही लॅकरनेच रंगल्या, त्याही घरामागच्या गॅरेजांमध्ये. हा रंग नुसता थिनर उडून वाळतो. नवा हात जुन्या हाताला विरघळवून त्यात मुरतो. ओघळ आला, चिलट चिकटलं, तर वाळल्यावर घासायचं आणि पुन्हा मारायचं. नवशिक्याला तो सांभाळून घेतो. किंमत मोजायची ती कष्टांत: चमक आपोआप येत नाही, रबिंग करून, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने घासून, काढावी लागते.

थिनरची वाफ एनसीलाही असतेच, तेव्हा कार्बन काडतुसांचा मास्क हवाच. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. म्हणून फवारणीच्या दिवशी गॅस गीझर बंद, इन्व्हर्टर बंद, आणि गॅरेजच्या भिंतीपलीकडे देवघर असल्यामुळे समईसुद्धा काम आटोपून वास जाईपर्यंत लागत नाही. आजींनी हे कसं मान्य केलं, ते कॅमेऱ्यासमोर सांगायला कोणी तयार नाही.

(दृश्य: जानेवारीतली सकाळ. ओली फरशी.)

पुण्यात रंगाचा मुहूर्त हवामान ठरवतं. पावसाळ्यात लॅकर दुधासारखा पांढरा पडतो: थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. मार्चनंतर दुपारचा वारा धूळ घेऊन येतो. उरतात थंडीचे महिने, तेही ऊन वर आल्यावर, पत्रा हाताला गार लागेनासा झाला की. फरशीवर पाणी मारून धूळ बसवलीय. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून दिलंय, शिवाय पाइपात वॉटर ट्रॅप आहे, कारण हवेबरोबर एक थेंब जरी आला तरी रंगावर फोडी उठतात.

गनचं तोंड १.४ मिलिमीटर. पत्र्यापासून वीतभर अंतर, मनगट न वळवता सगळा हात समांतर न्यायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात मुद्दाम कोरडा, खालचा राखाडी दिसेल असा. बघणाऱ्याला वाटतं, फसलं. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. थांबवत नाही, हीच अडचण. ओघळ येतात ते घाईनेच.

(दृश्य: बॉनेटवर बारीक टेपने आखलेल्या ज्वाळा.)

मरूनवर पिवळा थेट मारला तर तो मातकट दिसतो. म्हणून ज्वाळांच्या आत आधी पांढरा, मग हेडलाइटकडून पिवळा, मागे नारिंगी, टोकांना लाल. पिवळा जरा जास्त झाला की मुंबईची टॅक्सी आठवते. त्या पद्मिनी टॅक्सीतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली, पण डोळ्यांतून गेलेली नाही. पुतणीने नारिंगी वाढवला.

टेप काढल्यावर ज्वाळांची कड खरखरीत राहते. ती झाकायला निळ्या एनॅमलची केसाएवढी रेघ हवी, आणि ती ओढायला नाना पेठेत पूर्वी नंबरप्लेट रंगवणारे एक पेंटर आलेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आली, आणि हाताने आकडे काढायचं काम आटत गेलं. लांब केसांचा ब्रश, डाव्या मुठीवर टेकवलेला उजवा हात, आणि श्वास रोखून एका दमात ओढलेला बाक. त्यांनी येताच एकच प्रश्न विचारला: "वरून अजून लॅकर मारणार का?" कारण एनॅमलवर लॅकर पडला की एनॅमल सुरकुततो. म्हणून क्लिअर लॅकर आधीच मारून, २००० नंबरने घासून, रबिंग करून झालाय. रेघ सगळ्यात शेवटी, उघडी.

मेणाचं पॉलिश इतक्यात नाही. लॅकर अजून कितीतरी दिवस आक्रसत राहील. घासकामाचे ओरखडे त्यात पुन्हा वर आले तर पुन्हा रबिंग करायचं. हेडलाइटची एक रिंग सापडलेली नाही, तिच्यासाठी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फेऱ्या चालू आहेत. आणि डिकीचं झाकण अजून क्रीमच आहे. त्याचा पत्रा बदलण्यात थंडी निघून गेली, आणि आता दिवाळीपर्यंत त्याला गन लावायची नाही असं काकांनी सांगून टाकलंय.