खुरप्याच्या टोकाशी

(मातीत खुरपं शिरल्याचा आवाज. हातांचं जवळून दृश्य.)

वसंत म्हटला की पडद्यावर फुलं हवीत. ती इतक्यात दिसणार नाहीत. दिसतोय तो गुडघे टेकून बसलेला एक माणूस, आणि तासाभरात तो सरकलाय जेमतेम दोन हात.

खुरपणी चालू आहे. वसंतातल्या बागकामात याइतकं कंटाळवाणं दुसरं काही नाही. हरळी ओढली की पाती तेवढी हातात येतात, जमिनीखालचं खोड खालीच राहतं. त्याचं एक पेर जरी मागे उरलं तरी पुन्हा हरळी. म्हणून ओढायचं नाही. खुरप्याचं टोक तिरकं घालायचं, माती सैल करायची आणि मुळीच्या मागे मागे जायचं. बहुतेक वेळा ती अर्ध्यावर तुटते. 'टक्' असा बारीक आवाज येतो, की तोंडून शिवी निघालीच म्हणून समजा.

पण एखादी सगळीच्या सगळी निघते. पार शेपटापर्यंत. मग हा माणूस ती उजेडात धरतो, उलटसुलट करून बघतो. बघण्यासारखं तिच्यात काहीही नसतं. तरी बघतो.

(साफ केलेला वाफा. त्यावर हिरवे ठिपके.)

पंधरा दिवसांत हे पुन्हा आलं कुठून? बऱ्याच अंशी आपणच बोलावलं. मातीत तणांचं बी दडलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच बियांना क्षणभर उजेड लागला तरी जाग येते, आणि खणताना आपण त्यांना नेमकं वर आणतो.

हे बी किती वर्षं दम धरतं? 1879 साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं बिया आणि वाळू भरलेल्या 20 बाटल्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक उकरायची. 2021 मध्ये एक बाटली काढली, तीही अंधारात, बियांना उजेड लागू नये म्हणून. 142 वर्षांनंतर त्यातल्या काही बिया रुजल्या. शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. आणि आपण एका दुपारी वाफा साफ करून म्हणतो, झालं एकदाचं!

(सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा, आवाज.)

छाटणी त्या मानानं चटकन होते. फांदी वाळलीय की जिवंत आहे, हे कळायला नखानं साल जराशी खरवडायची. आत ओलसर हिरवं दिसलं तर राहू द्यायची. कोरडं तपकिरी लागलं तर उडवायची. गुलाबाचा काप घ्यायचा तो बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका. शेंडा जागेवर असतो तोवर तिथून उतरणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते फुटायला मोकळे. पहिल्या फांदीला हात अडखळतो. दहाव्या फांदीला अडखळत नाही, आणि खरं तर तिथंच जपायला हवं.

मोडक्या काठ्या बदलणं, झारीचं तोंड साफ करणं, पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला न चिकटवता पसरणं, ही कामं होत राहतात. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

वासाचं मात्र सांगायला हवं. ओली माती उकरली की जो वास येतो, तो जिओस्मिन या रसायनाचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते तयार करतात, आणि माणसाचं नाक ते अगदी नावापुरतं असलं तरी ओळखतं. पाठ भरून आलेली असते. तरी माणूस आणखी एक ढेकूळ फोडतो.

(वाफ्याचा कोपरा. कॅमेरा अगदी जवळ.)

इथं गेल्या आठवड्यात बी टाकलं होतं. आता दोन पानं वर आलीत. पेरलेलं असेल, तण असेल. पहिली दोन पानं पुष्कळांची सारखीच दिसतात. खुरपं वर गेलं, तसंच थांबलं.

तिसरं पान येऊ दे.