पत्र्याची कड

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, ‘छापलेलंच चित्र, मग त्याला अस्सल कसं म्हणायचं?’ ठरवलेलं बाजूला ठेवून तेवढ्यावरच बोलतो.

एचिंग म्हणजे आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. त्याचा पत्रा तांब्याचा नाहीतर जस्ताचा. त्यावर मेणाचा पातळ थर, थरावर सुईनं चित्र, मग पत्रा आम्लात. मेण जिथं खरवडलं, तिथंच आम्ल धातू खातं. थोड्या वेळानं पत्रा बाहेर काढायचा, लांबचे डोंगर, आभाळ यांच्या रेघा वार्निशनं बुजवायच्या आणि पुन्हा आम्लात सोडायचा. जवळच्या झाडाच्या, होडीच्या रेघा अशा खोल होत जातात. देखाव्यातलं अंतर इथं घड्याळ लावून काढतात म्हणा ना! मग रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर ताव ठेवून रुळाखालून दाबून काढायचा. कागद रेघेत शिरतो, शाई उचलतो. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन उमटतो. मूळ चित्र असं वेगळं कुठं नसतंच. पत्र्यावर ते उलटं असतं, सुलटं होतं ते तावावर. प्रत्येक छाप अस्सल, ती अशी.

आपल्या मुंबईचीच गोष्ट घ्या. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं 1791-92 मध्ये इथले बारा देखावे टिपले. शीवच्या किल्ल्यावरून दिसणारं बेटही त्यांत आहे. आज तिथं उभं राहिलात तर डोळ्यांना नुसत्या इमारती. 1795 मध्ये वेल्स वारला आणि देखावे लंडनमध्ये 1800 साली छापचित्रं म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल यांनी 1803 मध्ये चोवीस छापचित्रांचा संच काढला. त्याच वेरूळची चित्रं पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनीही काढली होती. तांब्याच्या पत्र्यांबद्दल बोलताना हे आडनाव आलं की मला उगाच बरं वाटतं.

आता माझी फजिती. चोरबाजारात एका दुकानात असाच एक देखावा दिसला. जुनी सागवानी चौकट, पिवळा कागद. घासाघीस केली, जिंकलो असं वाटलं, टॅक्सीनं घरी आणला. चौकट उघडली तर कडेला पत्र्याचा ठसा नाही. जवाहिऱ्याचं भिंग लावलं, तर आभाळभर रंगीत ठिपके! ऑफसेटवर, म्हणजे यंत्रावर ठिपक्याठिपक्यांनी छापलेलं कॅलेंडरचं पान असावं. पिवळेपणा बहुधा चहाचा. चौकट मात्र खरी होती, तिच्यात आता आईचा फोटो आहे.

तेव्हापासून चौकटीतून काढून दाखवत नाहीत ते मी घेत नाही. कोरा समास कापलेला असेल तर भाव पाडून मागतो, कारण ठसा त्याच्याबरोबर जातो. पेन्सिलीतली सही आणि 7/25 असा आकडा, म्हणजे पंचवीस छापांतली सातवी, हे नव्या चित्रांवर पाहायचं. वेल्सच्या काळात ती रीत नव्हती. उलट त्या काळच्या देखाव्यावर असा आकडा दिसला तर मी सरळ उठतो.

आणि पावसाळा. आपल्या दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके धरतात, कसर लागते. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची कड, हवाच. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर तर मुळीच टांगू नका. हौशीनं दिवाणखान्यात लावलेली कितीतरी चित्रं मी दोन पावसाळ्यांत गेलेली पाहिली आहेत.

त्या ताई कुठं आहेत? या, हे भिंग घ्या. आधी हात पुसा, बटाटेवडा झालाय मघाशी.