मागचा लाल दिवा

(दृश्य : पहाट, लक्ष्मी रोड. शटर बंद. पेपरची सायकल लांबून येते.)

पहाटे पाचचा लक्ष्मी रोड. कॅरिअरवर पेपरचे गठ्ठे, हँडलला दोन पिशव्या. पुढचा दिवा लागलाय. आता सायकल आपल्याला ओलांडून जाते... आणि मागून बघा. काही दिसतं?

(दृश्य : सायकलचं जुनं दुकान. डायनॅमो जवळून.)

हा डायनॅमो. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, त्या काळातला. खटका दाबला की ही खाचांची टोपी टायरच्या कडेला टेकते. चाकाबरोबर टोपी फिरते, आत लोहचुंबक फिरतं, भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यातलं बरंचसं पुढच्या बल्बला, उरलेलं मागच्या इवल्याशा लाल दिव्याला. पायडल जड व्हायचं, घूंऽऽ असा आवाज गल्लीभर यायचा.

(दृश्य : काका हाताने चाक फिरवतात. दिवा उजळतो, मंदावतो, विझतो.)

पाहिलंत? चाक थांबलं की दिवा गेला. म्हणजे भर चौकात, गाड्यांच्या गर्दीत थांबलं की सायकलवाला अंधारात. तरीही सायकलीला दिवा हवाच असायचा. जुने पुणेकर सांगतात, बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार चाकातली हवा सोडायचा. आज सायकलीला दिवा आहे की नाही, हे कुणी बघतसुद्धा नाही. आम्हाला ही गोष्ट फार लागते.

(दृश्य : भिंतीवर पडलेला झोत.)

आता चार्जिंगचे एलईडी दिवे आले, थांबलं तरी जळणारे. पण झोत कुठे पडतो ते तपासायला हवं. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. दिवा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या निम्म्या उंचीवर झोताचा मध्य पडू द्या. मग पुढे साधारण दहा मीटरवर खड्डा दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जात नाही. पूर्वी गाड्यांच्या हेडलाइटची काच वरून काळी रंगवायचे, ते याचसाठी.

(दृश्य : रात्र. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर वर-खाली.)

हे दृश्य आम्हाला फार आवडलं. दोन पिवळे ठिपके आळीपाळीने वर-खाली होतात आणि गाडीवाल्याला लगेच कळतं, पुढे माणूस पायडल मारतोय. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. गाडीचा झोत त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. बोळातून आडव्या येणाऱ्याला तो दिसेलच असं नाही. दिव्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.

मागचा दिवा नुसता लुकलुकता ठेवला तर अंतराचा अंदाज चुकतो. रस्त्यावर तो स्थिर असू द्या. मागून धडक बसते तेव्हा गाडीवाल्याचं वाक्य ठरलेलं असतं, “दिसलाच नाही.”

(दृश्य : पाऊस. रेनकोटचा घोळ सीटमागे लोंबतोय.)

दिवा आहे, लागलाही आहे. फक्त रेनकोटखाली आहे.

(दृश्य : पुन्हा पेपरची सायकल, दुकानासमोर.)

या सायकलीचंही तेच. सीटच्या दांडीवर दिवा होता, गठ्ठ्यांनी झाकलेला. काकांनी तो काढला, कॅरिअरच्या खाली, मडगार्डवर बसवला, जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट आवळला. मग गठ्ठे चढवले आणि तीस पावलं मागे गेले.

“दिसतोय का हो, काका?”

“दिसतोय. जरा डावीकडे कललाय. थांब, आलो.”