बोनेटच्या मागच्या कोपऱ्यातला टी

(बोनेट उघडतं. कॅमेरा इंजिनवरून हळूहळू मागे सरकतो.)

बॅटरी, एअर फिल्टर, ऑइलची कांडी, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली. बोनेट उघडलं की हे सगळं समोरच दिसतं. ते मागे टाकून आणखी आत या. इंजिन आणि केबिन यांच्या मधे उभा असलेला पत्रा म्हणजे फायरवॉल. तिच्यातून दोन नळ्या केबिनमध्ये शिरतात. एकीतून इंजिनमधलं तापलेलं कूलंट हीटर कोरमध्ये, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, दुसरीतून ते परत येतं. या नळ्यांच्या वाटेवर, हात जेमतेम पोचेल अशा जागी, प्लास्टिकचे दोन काळे टी, म्हणजे इंग्रजी T अक्षराच्या आकाराचे तीन तोंडांचे जोड, बसवलेले आहेत.

काळे म्हटलं खरं. पण नीट बघा, तपकिरी झालेत.

मागच्या सीटसाठी वेगळा हीटर असला की या नळ्यांना फाटे फुटतात, म्हणून इथे टी. बाकीच्या गाड्यांत याच जागी सरळ जोड असतो, नाहीतर कोपरा. पण पुष्कळ गाड्यांत तोही प्लास्टिकचाच.

(क्लोजअप: टीच्या गळ्याशी साचलेली खपली.)

ही पांढरट खपली म्हणजे वाळलेलं कूलंट. पाणी उडून गेलं, रसायनं मागे राहिली. एका दिवसात एवढी साचत नाही. खाली डाग मात्र कधी पडला नाही, कारण थेंब जमिनीवर पोचायच्या आत गरम इंजिनवरच वाळत होता. बाटलीतली पातळी तेवढी उतरायची, आणि कुणीतरी वरून भर घालायचं.

(तुटलेल्या जुन्या फिटिंगचा कापलेला भाग, भिंगाखाली.)

बोनेटखालची अशी फिटिंग बहुतेकदा नायलॉनची असतात, आणि त्यात काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात. यातलं नेहमीचं नाव नायलॉन ६६. ते पहिल्यांदा तयार झालं १९३५ मध्ये, ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली. आधी त्याचे टूथब्रशचे केस झाले, मग बायकांचे पायमोजे. गाडीच्या बोनेटखाली ते बरंच नंतर आलं.

नायलॉन ६६ वितळतं २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. कूलंट असतं नव्वद-शंभर अंशांवर. मग भीती कसली? भीती वितळण्याची नाहीच. नायलॉनचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी, आणि गरम पाणी तिच्यातले दुवे एकेक करून तोडत राहतं. साखळ्या आखूड होतात, लवचीकपणा जातो, काचेचे तंतू उघडे पडतात. हा भुरकट, खरखरीत पृष्ठभाग तेच दाखवतोय. आकार होता तसाच, ताकद मात्र गेलेली.

त्यात जागा ही अशी. गाडी बंद केली की कूलंट फिरायचं थांबतं, वारा थांबतो, पण इंजिनमधली उष्णता कुठे जाणार? ती याच कोपऱ्यात साठते. गाडी उभी केल्यावर पहिली काही मिनिटं इथलं तापमान उतरत नाही, उलट चढतं.

गाडी बनली तेव्हाही पितळ होतंच. साच्यात ओतलेला प्लास्टिकचा तुकडा हलका पडतो, स्वस्त पडतो, आणि वॉरंटी संपेपर्यंत तक्रार करत नाही.

(मिस्त्रींचा हात. हातात पक्कड नाही, अंगठा आणि एक बोट.)

आता बघा.

(निवेदन नाही. फक्त आवाज.)

वाळकी काटकी मोडावी तसा. हेच चालत्या गाडीत झालं तर कूलंट काही मिनिटांत बाहेर, तापमानाच्या काट्यावर भरवसा नाही, इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड वाकतं, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट जातं. पुढे चला.

(कूलंट आधीच ट्रेमध्ये काढलेलं आहे. इंजिन थंड.)

क्लिपा स्प्रिंगच्या आहेत. पकडीने दोन्ही कान दाबायचे आणि क्लिप नळीवर मागे सरकवायची. ती सरकते. नळी मात्र इतक्या वर्षांत पाइपाला चिकटून बसलेली असते, आणि माणसाचा हात आपोआप ओढायला जातो. मिस्त्री हाताखालच्या पोराला सांगतायत, "ओढू नकोस रे. काप."

कारण नळीचं दुसरं टोक हीटर कोरच्या पाइपावर आहे. तो पाइप पातळ धातूचा. पिरगाळला आणि मुळाशी तडकला, तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यापुढे नळीचा तुकडा म्हणजे काहीच नाही. ब्लेडने लांबीत चीर द्यायची, पण धार पाइपाला लागता कामा नये, आणि नळी सालीसारखी सोलून काढायची.

(नळीच्या तोंडातून आकड्याने निघणारे तुकडे.)

हा भाग आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. टीचा एक गळा तुटून नळीतच राहिला. तो आत ढकलला तर कूलंटबरोबर हीटर कोरमध्ये जाऊन अडकेल. म्हणून आकडा, टॉर्च आणि सबुरी. निघालेले तुकडे फडक्यावर जुन्या टीच्या आकारात मांडून बघतायत, एक जरी कमी भरला तरी शोध पुन्हा सुरू. इथे घाई करणारा मिस्त्री असेल तर खुशाल गाडी परत घेऊन जा.

(नवे टी. एक पितळी, एक ॲल्युमिनियमचा.)

आतल्या व्यासाचं माप घेतल्याशिवाय टी आणू नये. हीटरच्या नळ्या बहुधा १६ किंवा १९ मिलिमीटरच्या असतात, आणि काही गाड्यांत दोन्ही मापं एकाच टीवर येतात. धातूचा टी घ्या, असं आमचं स्पष्ट मत. फक्त त्याच्या गळ्यावर साच्याची शिवण राहिली असेल तर ती बारीक कानशीने घासून घ्या, नाहीतर नेमकं तिथूनच पाझरतं.

नळ्याही नव्याच. चढवताना तोंडाला थोडं कूलंट लावायचं. ग्रीस नाही, ऑइल नाही. या नळ्या ईपीडीएम रबराच्या असतात, आणि खनिज तेलाने ते रबर फुगून मऊ पडतं. टीचं तोंड कुठल्या बाजूला होतं, त्याची खूण काढण्याआधीच रंगाने केली होती. तीच इथे जुळवली. क्लिप टीच्या उंचवट्याच्या पलीकडे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही.

(कूलंट भरताना. पुढची चाकं उंचावर.)

कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. प्रकार मॅन्युअलमध्ये बघायचा, रंगावर जायचं नाही. हिरवं, लाल, निळं, कंपनी हवा तो रंग घालते.

गाडीचं नाक वर घेतलंय, म्हणजे हवा भरायच्या तोंडाकडे येईल. हीटरचा कंट्रोल पूर्ण गरमवर. इंजिन चालू, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडणारी झडप, उघडेपर्यंत वाट. बुडबुडे येतायत ते दिसतंय. केबिनमध्ये अजून थंड वारा येत असेल तर हवा आतच अडकली आहे, हे ओळखायचं.

(ट्रेवर झाकण.)

जुनं कूलंट उघडं ठेवू नये, गटारात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी. कुत्री-मांजरं चाटतात.

(दुसरा दिवस. इंजिन थंड, बाटलीतली पातळी.)

थोडी उतरलीय, म्हणजे राहिलेली हवा निघाली. भर घातली. झाकण गरम इंजिनावर कधीच उघडायचं नाही. स्प्रिंगच्या क्लिपा आपणहून आवळून धरतात. तुमच्या गाडीवर स्क्रूच्या असतील तर एकदा इंजिन तापून थंड झाल्यावर पेचकस पुन्हा फिरवा, कारण रबर दबून बसलं की त्या सैल पडतात.