कुंदा सुटला, भात सुटेना

(सकाळ. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं आवार, झाडांखालून चालणारी माणसं.)

बेळगावात शुगर किती घरांत शिरलीय, ते इथं सकाळी सहाला कळतं. कानटोप्या, स्वेटर आणि चालता चालता एकच चौकशी: "उपाशीपोटी किती आली वो?" भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह पाहणीचा अंदाज आहे, देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चाला, असं डॉक्टर सांगतात. ही मंडळी चालतात. गडबड होते ती घरी, ताटावर.

(दुपार. शहापूरमधलं स्वयंपाकघर.)

शुगर निघाली की बेळगावकराच्या घरातून पहिला जातो तो कुंदा, इथली दुधाची मिठाई. मग मांडे. एवढा त्याग केला की माणूस निर्धास्त, आणि भाताचा ढीग मात्र होता तेवढाच! इथला वासाचा बासमती सोडा म्हणायला आमचीही जीभ रेटत नाही. सोडू नका, मागं ढकला. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ. भात शेवटी, वाटीभर. भाजी-डाळ आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. जोंधळ्याची भाकरी चांगली, पण म्हणून तीन-तीन नव्हेत. आणि साखर बंद करून चहात गूळ टाकणारे? रक्ताला त्या दोन्हींत फारसा फरक कळत नाही.

(संध्याकाळ. येळ्ळूरची गल्ली, मागे राजहंसगड.)

दिवसभर भाताच्या शेतात वाकलेल्या बाईला 'फिरायला जात जा' म्हणणं म्हणजे चेष्टाच. तिची अडचण वेगळी. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, उरलेला भात टाकवत नाही म्हणून संपवते, आणि लगेच आडवी होते. तिच्यासाठी आपली जुनी शतपावली बरी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गल्लीतच चाललं, तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात. पण त्यासाठी भांडी कुणीतरी दुसऱ्यानं घासायला हवीत, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही घरात आधी बाप्यांची होते. तिची 'सुगी झाल्यावर बघू'.

(सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. अनवाणी पावलं.)

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. काटा रुततो, कळत नाही. जखम चिघळली की मगच लक्ष जातं. म्हणून अनवाणी चालण्याचा नवस बोलण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे बघा. वाकता येत नसेल तर नातवंडाला बसवा समोर. त्याला नीट दिसतं, आणि तो काही लपवतही नाही.