जागा गेल्या चाकरमान्यांबरोबर

(दृश्य : दिवा स्थानक, पहाट. सावंतवाडीला जाणारी गाडी.)

गणपती दोन दिवसांवर आलेत. दिव्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, हातात मखराचं सामान. विचारा कुणालाही, गाव खेड, लांजा, देवगड. मतदानाचं कार्ड मात्र डोंबिवलीचं, भांडुपचं, नालासोपाऱ्याचं.

जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. गावच्या घराची घरपट्टी कोण भरतो, पालखी कुणाच्या अंगणात येते, याचा रकाना त्यात नसतो.

(दृश्य : कुलूपबंद घरांची वाडी. मग जुना नकाशा.)

महाराष्ट्रातले मतदारसंघ २००८ पर्यंत १९७१ च्या जनगणनेवर उभे होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने फेररचना, म्हणजे लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघ नव्याने आखणं, गोठवली होती. मधल्या तीस वर्षांत कोकणातली तरणी माणसं मुंबईला, तिथून पुढे ठाण्याला, वसई-विरारला सरकत गेली. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या मतदारसंघ फेररचना आयोगाने २००१ चे आकडे हातात घेतले. मसुदे निघाले, हरकती आल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही, असं कायदा म्हणतो.

विधानसभेच्या जागा होत्या तेवढ्याच राहिल्या, २८८. भाकरी तेवढीच, एकाचा तुकडा वाढला की दुसऱ्याचा घटणार. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. रत्नागिरीच्या सातच्या पाच. सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन.

ठाण्यातल्या त्या वाढीव मतांत आमच्याच वाड्यांमधली किती, हे आयोगाने मोजलं नाही. मोजायचं कामही त्याच्याकडे नव्हतं.

(दृश्य : किनाऱ्यावरून ड्रोन. देवगड, मालवण, वेंगुर्ला.)

ही तिन्ही बंदरं. तिन्ही नावांचे मतदारसंघ होते, तिन्ही गेले. त्यांच्या जागी यादीत आली कणकवली आणि कुडाळ, दोन्ही मुंबई-गोवा हायवेवरची. योगायोग असेल. पण वरून पाहताना डोळ्यांत भरतो.

(दृश्य : खेड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. मतदानाचा दिवस.)

ही भिंत जरा नीट पाहा. शाळेच्या पाटीवर रंगवलंय : तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. खाली खळीने चिकटवलेला कागद : विधानसभा २६४, गुहागर. त्याला लागून दुसरा : लोकसभा ३२, रायगड. रांगेतल्या आजी वाचत नाहीत, चिन्हं ओळखतात. त्यांचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो पाच वर्षं रस्त्याचा, पाण्याचा अर्ज घेऊन फिरणाऱ्याचा. तहसीलदार खेडला, आमदार गुहागरचा, खासदार रायगडचा.

खेड तालुका फुटला तो असा. महसूल मंडळांच्या, तलाठी सजांच्या हद्दींवरून रेघ गेली. काही गावं दापोलीला, काही गुहागरला. खेड नावाचा मतदारसंघ उरला नाही. संगमेश्वरचंही नाव गेलं. आणि दापोली-गुहागर हे दोन्ही, जिल्हा रत्नागिरीच असताना, लोकसभेला रायगडात गेले.

(दृश्य : राजापूर, अर्जुना नदी. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

लोकसभेच्या नकाशावरून राजापूर पुसलं गेलं, ते थोडं थांबून सांगायला हवं. १९५७, १९६२ आणि १९६७ ला इथून बॅ. नाथ पै निवडून गेले. १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते. दिल्लीत 'राजापूरचे खासदार' म्हटलं की सभागृह कान देत असे, असं इथली जुनी माणसं अजून सांगतात. दंडवते रेल्वेमंत्री झाले, पुढे अर्थमंत्री झाले. ज्या कोकण रेल्वेसाठी ते झटले, तिच्याच रुळांवरून जाणाऱ्या गाडीपाशी आपण मघाशी होतो. १९९६ ते २००४ च्या चारही निवडणुका सुरेश प्रभूंनी जिंकल्या. २००९ ला राजापूर नव्हतं. होता रत्नागिरी-सिंधुदुर्ग, वाशिष्ठीपासून तेरेखोलपर्यंत एकच मतदारसंघ. त्यात प्रभू हरले. त्याच वर्षी खेडचे आमदार, विधानसभेतले विरोधी पक्षनेते रामदास कदम गुहागरमधून लढले आणि पडले.

(दृश्य : परतीची गाडी.)

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. पुढची फेररचना, आताच्या घटनेनुसार, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होईल.