हाय ब्रिज: जहाजांसाठी उंच झाला, जहाजांसाठीच कापला गेला

(पडद्यावर: दक्षिणेकडून दिसणारा पूल. डाव्या हाताला मॅनहॅटन, उजव्या हाताला ब्रॉंक्स, मध्ये हार्लेम नदी.)

न्यूयॉर्कचा पूल म्हटलं की डोळ्यांपुढे येतो ब्रुकलिन ब्रिज. तो १८८३ सालचा. त्याच्या ३५ वर्षं आधी, १८४८ मध्ये, शहराच्या उत्तर टोकाकडे हा दगडी पूल बांधून झाला होता. नाव अगदी साधं, हाय ब्रिज. न्यूयॉर्क शहरात आज उभ्या असलेल्या पुलांत वयाने सगळ्यात थोरला हाच. बांधला मात्र नळासाठी. माणसं त्यावरून चालायला लागली ती ओघाने.

आता पुलाकडे नीट बघा. उजवीकडे, ब्रॉंक्सच्या बाजूने, एकामागून एक दगडी कमानी येतात. नदीच्या काठाशी आल्या की अचानक थांबतात आणि तिथून पुढे एकच मोठी पोलादी कमान नदी ओलांडून जाते. पलीकडे मॅनहॅटनला पुन्हा दगड, पण एकच कमान. पुलाचं मधलं अंग कुणीतरी काढून दुसरंच बसवलंय, हे लहान मुलालाही कळेल. हे का झालं, याचं उत्तर पूल बांधण्याच्याही आधीपासून सुरू होतं.

(पडद्यावर: एकोणिसाव्या शतकातल्या खालच्या मॅनहॅटनची चित्रं.)

मॅनहॅटन हे बेट. चहूकडे पाणी, पण खारं. पिण्याजोग्या पाण्याचं एक मोठं तळं होतं, कलेक्ट पाँड. कातडी कमावणाऱ्यांनी आणि खाटकांनी त्याचं डबकं केलं आणि शेवटी ते बुजवून टाकावं लागलं. १७९९ मध्ये शहराला पाणी पुरवतो म्हणून एक कंपनी निघाली, मॅनहॅटन कंपनी. तिच्यामागे होता ॲरन बर नावाचा राजकारणी. सनदेत एक कलम हळूच घातलेलं होतं, की उरलेलं भांडवल कंपनीने हवं तिथे वापरावं. त्या कलमाच्या आधाराने कंपनीने बँक काढली. लाकडाचे ओंडके पोखरून केलेले नळ टाकले, थोडंफार पाणी दिलं आणि खरा धंदा बँकेचा केला. ती बँक आजच्या जेपी मॉर्गन चेसच्या पूर्वजांपैकी एक. लोक तहानलेलेच राहिले.

१८३२ मध्ये पटकी आली. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. तीन वर्षांनी, डिसेंबर १८३५ मध्ये, कडाक्याच्या थंडीत शहराच्या व्यापारी भागात आग लागली. नदी गोठलेली, बंबांच्या नळ्यांत पाण्याचा बर्फ झालेला. जवळजवळ सातशे इमारती जळाल्या. क्रोटन नदीचं पाणी आणायचा कौल शहराने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिला होता. आगीनंतर त्यावर वाद घालायला कुणी फारसं उरलं नाही.

क्रोटन नदी शहराच्या उत्तरेला, ४१ मैलांवर. तिथे धरण बांधायचं आणि विटांच्या बंदिस्त कालव्यातून पाणी शहरात आणायचं. पंप कुठेही नाही, निव्वळ उतार, तोही मैलाला जेमतेम १३ इंच. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तंत्र परकं वाटणार नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात तेव्हाच्या खडकीत डोंगराकडचं पाणी असंच जमिनीखालून, उताराने खेळवलं होतं. इथे अंतर मोठं आणि मध्ये नदी आडवी.

कामाचा मुख्य इंजिनिअर होता जॉन जर्व्हिस. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस. ईरी कालव्याच्या कामावर झाडं तोडायला कुऱ्हाड घेऊन लागला आणि तिथेच मोजणी, आखणी, बांधकाम शिकत वर चढला. हिशेबाला पक्का. हार्लेम नदीजवळ येताच त्याने साधा, स्वस्त उपाय सुचवला. पाणी लोखंडी नळांतून खाली उतरवायचं, एका बुटक्या पुलावरून नदी पार करायची आणि पलीकडे दाबाने पुन्हा वर चढवायचं.

आणि इथे जहाजं आडवी आली.

हार्लेम नदीवर खालच्या अंगाला मॅकोम्बचा बंधारा होता. त्याने नदी अडवलेली. वरच्या भागातल्या जमीनदारांना नदी मोकळी हवी होती, कारण बोटी आल्या तर जमिनीला भाव येणार. त्यांतला एक होता लुईस मॉरिस. सप्टेंबर १८३८ मध्ये त्याने कोळसा भरलेलं एक गलबत भरतीच्या वेळी बंधाऱ्यापाशी आणलं आणि वाट मागितली. वाट मिळाली नाही. मग सोबत आणलेल्या माणसांकडून त्याने बंधाराच फोडून घेतला. नदीतून जहाज जाऊ शकतं, हे सिद्ध करायची ही रीत! अशा नदीवर बुटका पूल कोण बांधू देणार? पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. नदीखालून बोगदा काढा, नाहीतर असा पूल बांधा की भरतीच्या पाण्यापासून कमानी १०० फूट उंच आणि प्रत्येक कमानीचा गाळा निदान ८० फुटांचा.

नदीखालच्या बोगद्याचा खर्च किती होईल, हे तेव्हा कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. जर्व्हिसने नाइलाजाने उंच पूल पत्करला. आज लोक ज्या देखणेपणासाठी या पुलाकडे माना वर करून बघतात, तो देखणेपणा इंजिनिअरच्या नकाशात नव्हता. जहाजवाल्यांच्या हट्टाने तो त्याच्या गळ्यात पडला. हा हट्ट लक्षात ठेवा.

(पडद्यावर: कमानींचं बांधकाम दाखवणारी जुनी कोरीव चित्रं.)

पूल व्हायला वेळ लागणार, म्हणून नदीत भराव टाकून तात्पुरता नळ घातला आणि १४ ऑक्टोबर १८४२ रोजी शहराने क्रोटनच्या पाण्याचा सोहळा केला. त्याआधी जूनमध्ये चार जण 'क्रोटन मेड' नावाच्या छोट्या होडीत बसून त्या अंधाऱ्या कालव्यातून प्रवास करून आले होते. सोहळ्यात भाषणं झाली, मिरवणूक निघाली, कारंजं पन्नास फूट उडालं. कालवा खणणारे मजूर बहुतांश आयरिश. मजुरीसाठी त्यांना संप करावे लागले होते.

पूल पुरा झाला १८४८ मध्ये. पंधरा कमानी, नदीवर ८० फुटांच्या आठ, जमिनीवर ५० फुटांच्या सात. लांबी सुमारे १,४५० फूट, उंची १४० च्या घरात. खर्च साडेनऊ लाख डॉलरच्या पुढे. आणि या सगळ्या थाटाच्या पोटात होते साधारण तीन फूट व्यासाचे दोन नळ. नाकापेक्षा मोती जड!

शहर वाढलं, दोन नळ पुरेनात. १८६० नंतर वर साडेसात फूट व्यासाचा तिसरा नळ बसवला, ज्यातून माणूस ताठ उभा चालू शकेल. तो झाकायला बाजूच्या भिंती उंच केल्या आणि माथ्यावर विटांचा रस्ता केला. १८६४ पासून लोक चालत आले ते या रस्त्यावरून. रविवारी न्यूयॉर्ककर बोटीने इथे यायचे, काठावरच्या हॉटेलांत खायचे-प्यायचे, पुलावर वारा खायचे. हा रस्ता होण्याच्याही आधी, पूल नवा असताना, जवळच फोर्डॅमला राहणारा लेखक एडगर ॲलन पो त्याच्या अखेरच्या वर्षांत इथे फिरायला येई, असं सांगतात. १८७२ मध्ये मॅनहॅटनच्या टेकडीवर २०० फूट उंच अष्टकोनी जलमनोरा उभा राहिला, कारण टेकडीवरच्या घरांना निव्वळ उताराने पाणी मिळेना. मनोऱ्याशेजारी मोठा हौद होता. या भोवतीच्या कड्याकपारी, झाडी शहराने तुकड्यातुकड्याने ताब्यात घेतली आणि हायब्रिज पार्क तयार झालं. आज ते सुमारे ११९ एकर आहे.

(पडद्यावर: पोलादी कमानीच्या उभारणीची छायाचित्रं.)

१८९० मध्ये क्रोटनचा नवा, मोठा कालवा सुरू झाला. तो नदी ओलांडतो खालून, बोगद्याने. म्हणजे जर्व्हिसच्या काळी ज्याची धास्ती वाटली, ते पन्नास वर्षांत रोजचं झालं. १८९५ मध्ये हार्लेम नदी खोल करून हडसनला जोडली आणि मोठी जहाजं येऊ लागली. झालं! पुलाचे खांब वाटेत येतात, पूल पाडा, अशी ओरड सुरू झाली. ज्या जहाजांसाठी पूल एवढा उंच केला, त्यांनाच तो आता अरुंद पडला.

इंजिनिअर आणि इतिहासप्रेमी विरोधाला उभे राहिले. शेवटी तडजोड झाली आणि नदीतल्या पाच कमानी पाडून १९२८ पर्यंत तिथे सुमारे ४५० फुटांची पोलादी कमान बसली. मला विचाराल तर ही तडजोड वाईट नव्हती. दगडाची नक्कल न करता पोलादाने पोलादासारखं वागायचं ठरवलं, त्यामुळे जोड कुठे आहे हे लपत नाही.

१५ डिसेंबर १९४९ रोजी पुलावरून पाणी जाणं बंद झालं. १९६० मध्ये तो उद्यान खात्याकडे आला. तोवर परिसराची रया जायला लागली होती. पार्कच्या पायथ्याने मोटाररस्ते गेले. १९५८ मध्ये पोरांनी पुलावरून दगड-विटा फेकल्या आणि खालून जाणाऱ्या पर्यटक बोटीतले लोक जखमी झाले. १९७० च्या सुमारास पुलाला टाळं लागलं. शहराने वारसा वास्तू म्हणून त्याची नोंद केली तीही १९७० मध्येच! पुढे शहराच्याच तिजोरीत खडखडाट झाला, बागांवर माणसं राहिली नाहीत. झाडीत कचऱ्याचे ढीग, मोडक्या गाड्या, वापरलेल्या सुया. १९८४ मध्ये जलमनोऱ्याला कुणी आग लावली.

टाळ्याचा खरा फटका बसला ब्रॉंक्सच्या बाजूला. जुना हौद होता तिथे १९३६ मध्ये मोठा सार्वजनिक पोहण्याचा तलाव झाला होता, पण तो मॅनहॅटनच्या काठावर. समोर दिसणाऱ्या तलावाला ब्रॉंक्सच्या पोरांनी लांबून वळसा घालून जायचं, अशी तऱ्हा. तिथल्या रहिवाशांनी पूल उघडा, पूल उघडा असा धोशा लावला. २००१ मध्ये रहिवासी आणि संस्था मिळून 'हाय ब्रिज कोॲलिशन' उभी राहिली. गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापलेल्या न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्टने पार्कातला कचरा उपसायला घेतला. तरी घोंगडं भिजतच होतं. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या योजनेत पैसे मंजूर झाले, जानेवारी २०१३ मध्ये काम लागलं आणि ९ जून २०१५ रोजी पूल उघडला. खर्च ६ कोटी १८ लाख डॉलर.

(पडद्यावर: पुलाचा माथा, कॅमेरा जमिनीलगत.)

आता खाली बघत चला. विटा एकमेकींना काटकोनात, तिरप्या ओळींत बसवल्या आहेत, जुन्या रस्त्याच्या नक्षीनेच. मधूनमधून गोल तबकड्या लागतात. त्यांवर पुलाची गोष्ट कोरलेली आहे. या विटांच्या खाली, हातभर अंतरावर म्हणा ना, तो साडेसात फुटी नळ आजही आहे, कोरडा. बाजूचे जुने बिडाचे कठडे दुरुस्त करून परत लावले. खालच्या दगडी कमानींची साफसफाई केली, सांध्यांतला जुना भराव काढून नव्याने दरजा भरल्या. पोलादी कमान रंगवली. उतरत्या वाटा केल्या, त्यामुळे चाकाची खुर्ची घेऊनही पुलावर येता येतं.

कठड्याच्या वर आठ फुटी तारेची जाळी आहे. फोटो काढणारे तिच्या नावाने बोटं मोडतात. मला ती खटकली नाही. खाली एका काठाला मोटाररस्ता, दुसऱ्या काठाला रस्ता आणि रेल्वे दोन्ही, मध्ये बोटी, आणि १९५८ ची ती विटांची गोष्ट आहेच. शिवाय जाळी बारीक आहे, डोळा जवळ नेला की नदी स्वच्छ दिसते, उत्तरेला मागोमाग उभे असलेले दोन मोठे पूलही दिसतात.

पार्कचं सगळं आलबेल आहे असं नाही. कड्यावरच्या जिन्यांची चढण दमवते आणि मोटाररस्त्याचा गोंगाट झाडीतही पिच्छा सोडत नाही. पण २००७ पासून याच उतारांवर डोंगरी सायकलींच्या वाटा आहेत, शहरातल्या पहिल्या अधिकृत. आणि जलमनोरा डागडुजी होऊन २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला.

(पडद्यावर: ब्रॉंक्सच्या बाजूचं प्रवेशद्वार, टॉवेल खांद्यावर टाकलेली मुलं.)

न्यूयॉर्कला तुमचं कुणी असेल, आणि मराठी घरांत हल्ली असतंच, तर त्यांना इकडे न्यायला सांगा. ब्रॉंक्सकडून १७० व्या रस्त्याजवळ युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरून चढायचं, मॅनहॅटनकडून ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवरून पार्कात शिरायचं. तिकीट नाही, गाड्या नाहीत, फक्त चालणारे आणि सायकलवाले. उन्हाळ्यात गेलात तर पोहायचे कपडे आणि एक कुलूप सोबत ठेवा. तलाव फुकट आहे, पण कपाटाला लावायला स्वतःचं कुलूप नसलं तर आत सोडत नाहीत.